ओढ्यापलीकडची गाय

मित्रांनो, गुरांच्या दवाखान्यासमोर जमिनीत पुरलेले चार जाड खांब आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या तुम्ही कधी पाहिल्या आहेत का? जनावराला सुई टोचायची असली किंवा त्याची जखम धुवायची असली, की त्याला त्या दांड्यांच्या आत उभं करतात. मग ते लाथ मारत नाही, पळत नाही, स्वतःलाही इजा करून घेत नाही. त्याला खोडा म्हणतात. मी असाच एक खोडा आहे आणि आता पुष्कळ म्हातारा झालो आहे. माझा मागचा एक खांब वाळवीने पोखरला आहे. एक दांडी कुणीतरी चुलीत घालायला काढून नेली. त्याचं मला फारसं दुःख नाही. दुःख आहे ते एका गाईचं. तिची गोष्ट सांगायला माझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही, म्हणून मी बोलतो आहे.

माझं लाकूड किनवटच्या जंगलातलं. चांगलं पोक्त सागवान होतो मी. तोडल्यावर रेल्वेत आणि मग मालमोटारीत चढून मी औशाला आलो. तिथे मारोती नावाच्या सुताराने मला घडवलं. आतली बाजू तो पुन्हा पुन्हा तासायचा आणि तळहात फिरवून बघायचा. शेजारच्याने त्याला विचारलं, की जनावरांच्या खोड्याला एवढी सफाई कशाला? मारोती म्हणाला, की माणसाला लाकडाचं कुसळ टोचलं तर तो ओरडतो, जनावर ओरडलं तर आपण त्याला द्वाड म्हणतो.

माझी नेमणूक झाली माळदरा या गावी. औसा तालुक्याच्या अगदी टोकाला, बालाघाटाच्या खडकाळ डोंगरात ते गाव आहे. तिथल्या शेतात नांगर घातला की फाळ दगडावर वाजतो. वीतभर मातीत जेवढी ज्वारी येईल तेवढी. त्यामुळे माळदऱ्याची माणसं जगायची ती गुरांवर. सरकारनेही ते ओळखलं होतं. डोंगराळ गावांसाठी म्हणून तिथे गुरांचा दवाखाना काढला, लशी पाठवल्या आणि मला पाठवलं.

दवाखान्याच्या खालच्या अंगाला एक ओढा होता. पावसाळ्यात गुडघाभर पाणी, दिवाळीनंतर नुसते गोटे. ओढ्यापलीकडे पाथरवाडी. तिथे दवाखाना नव्हता. पाथरवाडीची गुरं ओढा ओलांडून माझ्याकडेच यायची. कुठलं जनावर कुठल्या गावचं, हे मला कधी कळलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

डॉक्टर आठवड्यातून एकदा औशाहून यायचे. बाकीचे दिवस दवाखाना चालवायचे ते ईश्वरप्पा. हुद्दा ड्रेसरचा, म्हणजे मलमपट्टी करणाऱ्याचा, पण अडलेली गाय सोडवण्यापासून मोडलेलं शिंग बांधण्यापर्यंत सगळं तेच करायचे. त्यांच्या घरात कानडी बोलत. बुजलेलं जनावर आत घेताना ते त्याच्या कपाळावर हात ठेवायचे आणि हळूच म्हणायचे, "बा तायी, बा." ये आई, ये. आणि मित्रांनो, जनावर यायचं. घटसर्पाची साथ आली त्या साली त्यांनी तीन दिवसांत दोन्ही गावांची सगळी गुरं लस टोचून माझ्यातून काढली. आमच्याकडे एकही जनावर दगावलं नाही. तेव्हा लोकांनी माझ्या खांबांना हळदकुंकू लावलं होतं. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस.

त्याच सुमारास सरकारची एक योजना आली. डोंगरी भागातल्या गरीब शेतकऱ्यांना दुभती गाय मिळायची होती. पाथरवाडीच्या धोंडाबाईचं नाव यादीत निघालं. तिचा नवरा दगडाच्या खाणीत अपघातात गेला होता, मूलबाळ नव्हतं, डोंगराच्या उतारावर दोन एकर मुरूम होता. गाय माझ्याच खांबाला बांधून तिच्या स्वाधीन केली. अंगावर काळेपांढरे ठिपके, लांब लोंबते कान, अशी देवणी जातीची तरुण गाय होती ती. धोंडाबाईने तिचं नाव पवळी ठेवलं.  ती नुसती गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि मग ईश्वरप्पांना म्हणाली, की आता घरात कुणीतरी श्वास घ्यायला आलं.

एकोणीसशे ब्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये नवा जिल्हा झाला. माळदऱ्यात दवाखान्यावर नवी पाटी लागली. तिच्यावर जिल्हा लातूर असं ठळक लिहिलं होतं. लोकांना आनंद झाला. आता कचेरीच्या कामाला लांब जायला नको, असं सगळे म्हणत होते. पेढे वाटले. धोंडाबाई त्या दिवशी पवळीला घेऊन आली होती, तिनेही पेढा खाल्ला. पाथरवाडी मात्र ओढ्यापलीकडे होती. ती जुन्या जिल्ह्यातच राहिली. त्या दिवशी हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. ओढा होता तेवढाच होता.

मग तीन-चार वर्षांनी दुष्काळ पडला. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. पहिल्या साली लोकांनी कडबा पुरवून पुरवून घातला. दुसऱ्या साली घरांवरचं जुनं गवत काढून गुरांपुढे टाकलं. माळावर बोराटीचा पालाही शिल्लक राहिला नाही. माझ्यात येणारी गुरं तेव्हा आजारी नसायची, उपाशी असायची. ईश्वरप्पा त्यांच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघायचे, पांढरीफटक असायची. ते म्हणायचे, की याला औषध माझ्या कपाटात नाही.

चैत्रात दवाखान्याशेजारच्या माळावर सरकारने गुरांची छावणी उघडली. तट्ट्याची छपरं घातली, टँकरने हौद भरू लागले, नदीकाठच्या गावांतून उसाचं वाढं, म्हणजे वरचे हिरवे शेंडे, आणि कडबा येऊ लागला. मी खोटं बोलणार नाही. त्या छावणीने माळदऱ्याची शेकडो गुरं वाचवली. सरकार आलं नसतं तर गावात वासरूही उरलं नसतं.

पण छावणीला नियम होता. ज्या जिल्ह्याची वैरण, त्याच जिल्ह्याची गुरं. दाखल करताना प्रत्येक जनावराच्या कानात नंबर कोरलेला पितळी बिल्ला बसवायचा. बिल्ला असेल त्याला चारा आणि पाणी, नसेल ते फाटकाबाहेर. बिल्ले बसवायचं काम माझ्यात व्हायचं. पक्कड ईश्वरप्पांच्या हातात.

पहिल्याच दिवशी धोंडाबाई पवळीला घेऊन आली. पवळीला आठवा महिना होता. पोट खाली लोंबलेलं आणि वर बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. ती सवयीने आपणहून माझ्यात शिरली आणि उभी राहिली. फाटकावर बसलेल्या कारकुनाने गाव विचारलं. धोंडाबाईने सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं आणि तिच्या जिल्ह्याची छावणी पंधरा कोसांवर आहे, तिथे जा म्हणून सांगितलं.

"पंधरा कोस ही चालंल का?" धोंडाबाईने विचारलं.

 कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने मान खाली घातली, एवढंच.

धोंडाबाई एकटीच चालत त्या छावणीवर जाऊन आली. तिथे जागा भरली होती. ती परत आली तेव्हा तिच्या टाचा फुटल्या होत्या. ईश्वरप्पांनी गुरांना लावायचं मलम तिला दिलं.

छावणीतही गुरं मरत होती. जी फार उशिरा आली, त्यांच्या पोटाला चारा सोसत नव्हता. मेलेल्या जनावराचा बिल्ला काढून ईश्वरप्पा एका पत्र्याच्या डब्यात टाकायचे. महिनाअखेर तो डबा वर पाठवायचा होता. एके दिवशी भर दुपारी, कारकून जेवायला गेलेला असताना, ते माझ्याजवळ डबा घेऊन उभे राहिले. बराच वेळ त्यांनी आतले बिल्ले नुसते हाताने हलवले. मग त्यांनी ओढ्याकडे तोंड करून धोंडाबाईला हाक मारली. ती पवळीला घेऊन रोज पलीकडच्या काठावर, छावणीतल्या चाऱ्याचा वास येईल तिथे बसलेली असायची.

पवळी माझ्यात आली. ईश्वरप्पांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. "बा तायी, बा." आणि एका मेलेल्या बैलाचा एकशेअठरा नंबरचा बिल्ला त्यांनी तिच्या कानात बसवला.

"आप्पा, तुमची नोकरी जाईल," धोंडाबाई म्हणाली.

"जाईल," ईश्वरप्पा म्हणाले. "पण ही आज जाईल, नोकरी उद्या जाईल. तिला आत घ्या."

पुढच्या चार-पाच दिवसांत पाथरवाडीची आणखी सहा गुरं तशीच आत आली. डब्यातले बिल्ले संपले तेव्हा ते थांबले. मी सगळं पाहत होतो. 

अठरा दिवस पवळीने पोटभर नाही, पण खाल्लं. आठव्या दिवशी ती बसून रवंथ करू लागली. धोंडाबाई समोर बसून ते बघत राहायची, जशी माणसं देवळात बसतात तशी.

एकशेअठरा नंबरचा बैल माळदऱ्याच्या मलप्पाचा होता. छावणीत आल्यावर चौथ्या दिवशी तो मेला. मलप्पाने तो वासरापासून वाढवलेला होता. त्याला ओढत नेताना मलप्पा दवाखान्याच्या भिंतीला तोंड लावून उभा राहिला होता. त्याची बायको शिवगंगा आणि त्यांची एक व्यालेली गाय मात्र छावणीतच होती. एका सकाळी मलप्पा हौदावर आपल्या गाईला पाणी पाजत असताना शेजारी पवळी आली. त्याने तिच्या कानाकडे पाहिलं. पुन्हा जवळ जाऊन पाहिलं. बिल्ला हातात धरला. मग तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब आले. वयाने तरुण होते, जीपमधून उतरल्यावर त्यांनी आधी हौदातलं पाणी हातात घेऊन बघितलं. मलप्पा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, माझा बैल मेला. त्याच्या नंबरावर दुसऱ्याची गाय खायलीय."

मित्रांनो, मी मलप्पाला दोष देत नाही. वैरण दिवसेंदिवस कमी येत होती, आणि ज्याचं गेलं होतं त्याला तो नंबर दुसऱ्या कानात बघवला नाही.

गुरं मोजली. पाथरवाडीची सातही बाजूला काढली. ईश्वरप्पांनी काही लपवलं नाही. विचारण्याच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं. पंचनामा सुरू झाला. कागद लिहून होईपर्यंत सूर्य डोक्यावर आला. ती सात गुरं फाटकाजवळ उन्हात उभी होती. आता ती छावणीची नव्हती, त्यामुळे त्यांना सकाळपासून चारा नव्हता आणि पाणीही नव्हतं. शिवगंगा एक बादली भरून निघाली होती. पंचनामा संपेपर्यंत थांबा, असं तिला कुणीतरी सांगितलं.

मग बिल्ले काढायचा हुकूम झाला. साहेब कारकुनाकडे पाहत होते, पण ईश्वरप्पा पुढे झाले.

"मी बसवले, मीच काढतो. दुसऱ्याचा हात लागला तर कान फाटतील."

एकेक जनावर माझ्यात आलं आणि बाहेर गेलं. पवळी सर्वांत शेवटी. तिचे दिवस भरत आले होते. ती आत आली, पण ईश्वरप्पांनी या वेळी तिला हाक मारली नाही. त्यांना ती मारवली नसावी. त्यांनी बिल्ला काढला आणि साहेबांच्या हातावर ठेवला. तेवढ्यात पवळीचे पुढचे गुडघे वाकले. ती माझ्या खालच्या दांडीवर छातीने टेकली. तिचं सगळं वजन माझ्यावर आलं. फार नव्हतं ते वजन, मित्रांनो. दिवस भरत आलेल्या गाईचं असावं त्याच्या निम्मंही नव्हतं.

ईश्वरप्पा माझ्या दांड्या उपसू लागले. साहेबही कागद टाकून धावले आणि त्यांनी दुसऱ्या बाजूची दांडी ओढली. पवळीला जमिनीवर निजवलं. ती कण्हत होती. तिला कळा सुरू झाल्या होत्या. शिवगंगाने आता कुणाला न विचारता बादली आणली. धोंडाबाई पवळीचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि तिच्या तोंडात ओंजळीने पाणी सोडू लागली. ते पाणी परत बाहेर येत होतं.

तासाभराने ईश्वरप्पांनी वासरू ओढून काढलं. कालवड होती, जिवंत होती. पवळीने मान उचलून तिला एकदा चाटलं. दुसऱ्यांदा जीभ बाहेर आली ती तशीच राहिली.

 ईश्वरप्पांनी आपल्या धोतराने वासराचं नाक पुसलं. मग ते तसेच गुडघ्यावर बसून म्हणाले, "साहेब, हिचा जन्म आपल्या जिल्ह्यातला हाय. हिला बिल्ला बसतो का?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते.

साहेबांनी ओढ्याकडे पाहिलं. ओढ्यात पाणी नव्हतं, इकडचे गोटे आणि तिकडचे गोटे सारखेच दिसत होते. ते म्हणाले, "बसवा."

"न्हाई," धोंडाबाई म्हणाली. तिने गाईचं डोकं हळूच जमिनीवर ठेवलं आणि ती उठली. "हिच्या आईचा कान टोचला, आन पुन्यांदा मोकळा केला. हिच्या कानाला हात लावू नका. जगली तर माझ्या दारात जगंल."

तिने वासराला खांद्यावर घेतलं आणि ती ओढ्यात उतरली. वासराचे पाय तिच्या छातीवर लोंबत होते. ती पलीकडच्या चढावर दिसेनाशी होईपर्यंत कुणी जागचं हललं नाही. पवळीला त्या दिवशी ओढत नेलं नाही. मलप्पा आणि आणखी तिघांनी बांबू घालून उचलून नेलं.

साहेबांनी त्याच दुपारी दवाखान्याच्या ओट्यावर बसून वर पत्र लिहिलं, की सीमेलगतच्या गावांची गुरं छावणीत घ्यायला परवानगी द्यावी. परवानगी आली. सव्वीस दिवसांनी आली. तोवर परत पाठवलेल्या सहांपैकी चार गुरं मेली होती, आणि पाथरवाडीच्या लोकांनी उरलीसुरली बाजारात नेऊन मिळेल त्या भावाने देऊन टाकली होती. फाटक उघडलं तेव्हा ओढ्यापलीकडून यायला फारसं कुणी उरलंच नव्हतं.

कालवड मात्र जगली. दुसऱ्या दिवसापासून शिवगंगा आपल्या गाईचं पहिल्या धारेचं दूध तांब्यात घेऊन रोज ओढा ओलांडू लागली. तिच्या घरी दूध कमी का पडतं, हे मलप्पाला माहीत होतं. त्याने काही विचारलं नाही. दहा-बारा दिवसांनी शिवगंगाला ताप आला, तेव्हा तांब्या घेऊन तो स्वतः गेला. तिकडे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. तो परतताना दवाखान्यापाशी थांबला. ईश्वरप्पांच्या खोलीला कुलूप होतं. तो ते कुलूप बघत उभा राहिला.

कारण ईश्वरप्पांना कामावरून दूर केलं होतं. त्यांची चौकशी झाली. धोंडाबाई एस.टी.ने लातूरला गेली आणि चौकशीत सांगून आली, की बिल्ले मी हट्टाने मागितले, आप्पांनी नको म्हटलं होतं. ते खोटं होतं, आणि तिने त्यावर अंगठा दिला. पण ईश्वरप्पांचं खरं सांगणं आधीच लिहिलेलं होतं. दहा महिन्यांनी त्यांना पुन्हा घेतलं, जळकोटला पाठवलं. ते अखेरपर्यंत ड्रेसरच राहिले. जाण्याआधी ते मला बघायला आले नाहीत. मला वाटतं, त्यांना माझ्याकडे बघणं जड गेलं असावं. मलाही ते जडच गेलं असतं.

त्यानंतर नवे ड्रेसर आले, गेले. पुढे दवाखान्याची नवी इमारत रस्त्यालगत झाली, तिथे लोखंडी खोडा बसवला. मी इथे मागे राहिलो. आता माझ्यावर लोक गोधड्या वाळत घालतात.

मित्रांनो, लाकडाचा जीव म्हणून मला राग येत नाही, पण विसरही पडत नाही. मी जनावरांना आवळून धरायला जन्मलो. त्या दुपारी मी एका गाईला धरून ठेवलं, आणि तिला गरज होती ती सोडण्याची. हे कुणी माझ्यावर लिहिलेलं नाही, तरी ते माझ्या अंगात आहे. तुम्ही मला दुरुस्त करा, रंग द्या, असं माझं मागणं नाही. वाळवी आपलं काम करते आहे, तिला करू द्या. तुमच्यापैकी कुणी उद्या डॉक्टर व्हाल, कुणी कारकून व्हाल, कुणी जीपमधून उतरणारे साहेब व्हाल. तेव्हा फाटकापाशी कुणी आपलं जनावर आणून उभं केलं, तर आधी त्याच्यापुढे पाण्याची बादली ठेवा. गाव मागाहून विचारा.